निनावी संदेश, ओळखीचा हात

ऑनलाइन समूह, म्हणजे प्रत्यक्ष भेटीवाचूनही मोबाइलवरील संदेशांनी बांधले गेलेले लोकसमुदाय, आणि त्यांतून उभी राहणारी आंदोलने यांचा समाजाच्या अंगाने विचार करण्यासाठी धुळ्यात जमलेल्या सर्व अभ्यासकांचे व कार्यकर्त्यांचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करते. स्थळाची ही निवड निव्वळ सोयीची नाही. याच जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, मंगळवेढा परिसरातून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले.

अफवा पूर्वीही पसरत, परंतु ‘फॉरवर्ड’ करताना, म्हणजे आलेला मजकूर जसाच्या तसा पुढे धाडताना, मूळ लेखक, स्थळ आणि काळ गळून पडतात व पाठवणाऱ्या आप्ताची पत तेवढी त्या मजकुराला चिकटते. त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीत बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी बनवलेली होती. शेवटचा खुलासा कापताच ती अपहरणाचा पुरावा ठरली. कागद कोणाचा, केव्हाचा आणि कोठला हे तपासल्यावाचून पुढे न जाणाऱ्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा दस्तऐवजसंग्रह ज्या शहराने जपला, त्या धुळ्याला हा प्रश्न अधिकच बोचावा.

मात्र मोबाइल संदेशांच्या याच माध्यमाने २०१६ साली मराठा समाजाच्या मूक मोर्चांची आखणी, शिस्तीच्या सूचनांसह, गावोगाव पोहोचवली. त्यामुळे सारा दोष माध्यमावर टाकणे समितीस उतावळेपणाचे वाटते. व्हॉट्सअ‍ॅपने जुलै २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली, तिने वेग रोखता येतो, खोटेपणा नव्हे. कारण पाठवणारा व घेणारा यांच्याखेरीज कोणालाही वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात जाणारा मजकूर कंपनीलाही दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात जमावहिंसा रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्याचा आदेश दिला. परंतु शासनाच्या हाती मोकळा अधिकार देणेही निर्धोक नाही: २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील एका मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली होती, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ २०१५ मध्ये रद्द होईपर्यंत अशा कारवाईची टांगती तलवार कायम होती.

अशा परिषदांत बहुधा शहरी तज्ज्ञच बोलतात. म्हणून समितीने चर्चेचे पहिले सत्र पोलीस पाटील, आठवडी बाजारातील व्यापारी आणि भटक्या-विमुक्त समाजाचे प्रतिनिधी यांच्यासाठी राखून ठेवले आहे.