यंत्राचे नाव आणि त्याचा आवाज



शाळेच्या दाखल्यात मुलाचे नाव एक आणि रेशनकार्डावर दुसरे असले, की किती हेलपाटे पडतात हे आपणा पालकांना मी सांगायला नको. आज यंत्रांच्या अशाच एका दाखल्याविषयी दोन शब्द बोलणार आहे.

यूएसबीने जोडलेले यंत्र संगणकाला आपली ओळख स्वतःच सांगते. परंतु छोट्या बोर्डावर कायमची बसवलेली आवाजाची चिप सहसा तसे करीत नाही. म्हणून लिनक्स प्रणालीत अशा भागांची नोंद 'डिव्हाइस ट्री' नावाच्या यादीत करतात. यादीतले नाव आणि चिप चालवणाऱ्या प्रोग्रॅममधले, म्हणजे ड्रायव्हरमधले, नाव तंतोतंत जुळले तरच दोघांची गाठ पडते. एक अक्षर चुकले, तर चिप धडधाकट असूनही स्पीकर मुका राहतो.

नावाची रीत अशी : आधी कंपनीची आद्याक्षरे किंवा छोटे नाव, मग स्वल्पविराम, मग चिपचा पूर्ण क्रमांक. उदाहरणार्थ, 'डब्ल्यूएलएफ,डब्ल्यूएम८९६०'. अंकाच्या जागी 'एक्स' लिहून सर्व भावंडांना एकाच नावात कोंबू नये, असा आजचा दंडक आहे. उद्या त्यांतल्या एकीत वेगळी खोड निघाली, तर तिला ओळखणार कसे? नवी चिप जुनीप्रमाणेच चालत असेल, तर आधी तिचे स्वतःचे नाव लिहावे आणि मागून जुनीचे. शिवाय नोंद चिपची असावी, ड्रायव्हरच्या सोयीची नसावी. कारण ड्रायव्हर बदलतो, चिप तीच राहते.

वरील नावातील 'डब्ल्यूएलएफ' म्हणजे एडिनबरोची वुल्फसन कंपनी. २०१४ साली ती सिरस लॉजिकने विकत घेतली. तरीही नोंदीतले नाव बदललेले नाही. का? लोकांच्या घरी चालू असलेल्या यंत्रांत ते नाव लिहिलेले आहे. ते पुसले, तर नव्या लिनक्सवर त्या यंत्रांचा आवाज बंद पडेल. मालक बदलला तरी दिलेला शब्द मोडायचा नाही, हेच त्यामागचे तत्त्व होय.

विद्यार्थी मित्रांनो, हे नियम व या नोंदी सर्वांना खुल्या आहेत. वाचायला फी पडत नाही. नवी नोंद स्वीकारण्यापूर्वी जाणकार मंडळी ती तपासतात आणि चुकलेले नाव परत पाठवतात. त्याचा राग मानू नका. एकदा रुजलेले नाव बदलणे फार अवघड असते, म्हणून ते घालतानाच कंपनीचे माहितीपत्रक उघडून अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. ही सवय ज्याला लागली, त्याच्या कामावर दूर देशीचा अनोळखी माणूसही विसंबून राहू शकतो.