भिंतीचा कोट आणि मूठभर पावडर
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा सारांश)



काल याच मंचावर सुगम संगीत झालं आणि आज सिमेंटवर भाषण! श्रीखंडानंतर कारल्याची भाजी वाढल्यासारखं आहे, पण थोडी चाखून पाहा.

मी नोकरीसाठी बंगळूरला आलो तेव्हा आमच्या घरात पंखासुद्धा नव्हता. त्याच शहरात २४ एप्रिल २०१६ रोजी पारा ३९.२ अंशांवर गेला. आपल्यापैकी बरेचजण फ्लॅटमध्ये राहतात. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडते. यावर एक उपाय म्हणजे भिंतीला बाहेरून कोट घालणे. दोन इंच थर्माकोल उष्णता अडवण्यात जवळजवळ एक मीटर जाड विटांच्या भिंतीची बरोबरी करतो. भिंतीवर थर्माकोलचे तक्ते चिकटवायचे, त्यावर पातळ गिलाव्यात काचेच्या धाग्यांची जाळी दाबायची आणि वरून रंगीत थर द्यायचा.

खरी अडचण चिकटवण्यात आहे. वीट पाणी पिते, म्हणून सिमेंटचे स्फटिक तिच्या छिद्रांत शिरून पकड घेतात. थर्माकोल पाणी पीत नाही. शिवाय तो तापल्यावर सिमेंटच्या पाच-सहा पट पसरतो. सिमेंट मात्र ताठ. एकाने हलायचं आणि दुसऱ्याने हलायचंच नाही म्हटलं की तडा जाणारच. संसारातही तेच होतं म्हणा!

म्हणून कोरड्या मालात पॉलिमर पावडर मिसळतात. मखर करताना आपण वापरतो त्या पांढऱ्या गोंदाची ही सुधारलेली चुलत बहीण. व्हिनाइल ॲसिटेट आणि इथिलीन यांचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तयार करायचे, त्यांना संरक्षक लेप द्यायचा आणि गरम हवेत फवारून वाळवायचे. जर्मनीच्या वाकर कंपनीने १९५७ साली अशी पावडर काढली. गवंडी पाणी घालतो तेव्हा कण पुन्हा सुटे होतात. सिमेंट पाणी ओढून घेऊ लागलं की ते एकमेकांना बिलगतात आणि स्फटिकांच्या मधे रबरासारखा पापुद्रा तयार होतो. तो थर्माकोलला धरतो आणि गिलाव्याला थोडं लवचिक करतो. प्रमाण किती? शंभर किलो कोरड्या मालात साधारण दोन ते पाच किलो. बरोबर चिमूटभर सेल्युलोज ईथर असतो, तो माल लवकर सुकू देत नाही.

कल्पना आपल्याला नवी नाही. आपल्या वाड्यांच्या चुन्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालत. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचं २०१६ साली प्रसिद्ध झालं. आजच्या जाळीचे ते पूर्वजच.

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी याच शहरातल्या एका इमारतीचं काम माझ्या देखरेखीखाली होतं. नमुन्याचा तुकडा तयार पोत्यातल्या मालाने केला, तो उत्तम निघाला. पुढे पोती संपली. एके दिवशी परांचीखाली मला वाळू, साधं सिमेंट आणि स्वस्त पांढऱ्या गोंदाचा डबा दिसला. मुकादम विजापूरकडचा, मराठी बोलणारा. म्हणाला, "पक्कं चिकटलंय साहेब, हात लावून बघा." मी हात लावला. खरंच चिकटलं होतं. दसऱ्यापूर्वी काम संपवायची घाई होती. मी गप्प बसलो.

साधा गोंद सिमेंटच्या क्षारात आणि ओलाव्यात टिकत नाही. इथिलीन घालतात ते त्यासाठीच. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पुढच्या पावसाळ्यात दोन तक्ते खाली आले. त्या जागी रोज सकाळी मुलं शाळेच्या बससाठी उभी राहतात. त्या दिवशी रविवार होता. तक्ता उलटून पाहिला तर मागे दह्यासारखा मऊ लगदा. सगळी बाजू पुन्हा केली आणि माझी फी मी परत केली. पण तो रविवार सोमवार असता तर, हा विचार अजून रात्री जाग आणतो.

म्हणून आपल्या सोसायटीत असं काम निघालं तर एवढं करा. कारखान्यातून आलेलं सीलबंद पोतंच वापरायला सांगा. त्यात पोत्यावर छापलेलं पाणी सोडून काहीही घालू देऊ नका. आवळलेल्या मालात पुन्हा पाणी तर नाहीच. भर पावसात काम नको. माल वाळल्यावर एक तुकडा ओढून पाहा: थर्माकोल फाटला पाहिजे, माल सुटता कामा नये. युरोपातली अट चौरस मीटरला सुमारे आठ टन ओढ सोसण्याची आहे. थर्माकोल जळतो, तेव्हा आगीला दाद न देणारा प्रकार मागा आणि उंच इमारतीत मधे दगडी लोकरीचे पट्टे घाला. आणि खर्च बेताचा असेल तर आधी गच्ची आणि खिडक्यांवरचे छज्जे, भिंत त्यानंतर.

महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली, ते योग्यच झालं. दहा दिवसांसाठी तो नको. भिंतीवर लावायचाच असेल तर तीस वर्षं टिकेल असा लावा. आणि कोणी "हात लावून बघा" म्हटलं, तर हात लावून थांबू नका, ओढून बघा.

गणपती बाप्पा मोरया!