जीवदया आणि खारीचे पिल्लू



जीवदया हा आपला कुलाचार आहे. परंतु दयेला ज्ञानाची जोड नसेल, तर वाचवू पाहिलेला जीवच हातून जातो. उडत्या खारीचे पिल्लू हे याचे बोलके उदाहरण होय.

ही निशाचर खार सोनपेठच्या शिवारात आढळत नाही. मेळघाट व सह्याद्रीच्या अरण्यांत उंच वृक्षांच्या ढोलीत ती राहते. पुढच्या-मागच्या पायांमधील त्वचेचा पडदा पसरून ती झाडावरून झाडावर तरंगत जाते. मादीला बहुधा एका वेळी एकच पिल्लू होते. ढोलीचे झाड तुटले की ते उघड्यावर पडते.

अशा वेळी आपण कळवळून दुधाची वाटी पुढे करतो आणि तेच घातक ठरते. गारठलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही. म्हणून प्रथम मऊ कापडात ऊब द्यावी. गाईच्या दुधाने त्यास हगवण लागते. घाईने पाजल्यास दूध फुप्फुसात शिरते. जखम नसल्यास उबदार खोक्यात त्याच जागी ठेवून दूर व्हावे. अंधार पडल्यावर आई त्याला नेण्याचा संभव असतो. ती न आल्यास वनविभागास 1926 या क्रमांकावर कळवावे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते घरी पाळता येत नाही.

आपल्या अंगणातील कडुनिंबावरून पडलेल्या साध्या खारीच्या पिल्लासही हीच रीत लागू आहे. फक्त त्याची आई दिवसा येते. अपरिग्रहाचे व्रत येथेही स्मरावे. जीव वाचवावा, पण तो आपला म्हणून पिंजऱ्यात ठेवू नये. त्याचे झाड त्याला परत मिळावे, हीच खरी जीवदया.