डोळा सुजलाय, दुखणं नाकात आहे



मुलाला आठवडाभर सर्दी असते आणि एके दिवशी एक डोळा टम्म सुजतो, अंगात ताप भरतो. घरात कुणी म्हणतं डास चावला, कुणी म्हणतं रांजणवाडी. शेक सुरू होतो आणि मोलाचा वेळ निघून जातो.

दोन्ही डोळ्यांच्या मधे, नाकाच्या वरच्या अंगाला, हवेच्या बारीक कप्प्यांचा एथमॉइड सायनस असतो. हा जन्मापासूनच असतो. तो आणि डोळ्याची खोबण यांच्यामधलं हाड कागदासारखं, अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ. सायनसमधला जंतुसंसर्ग ते ओलांडतो, पू हाड आणि त्यावरचं आवरण यांच्यामध्ये साचतो आणि डोळा बाहेर ढकलला जातो. म्हणून डॉक्टर विचारतात, डोळा सगळीकडे फिरतो का? लाल रंग दोन्ही डोळ्यांना सारखाच लाल दिसतो का? एका डोळ्याला तो फिका दिसला, तर दृष्टीच्या नसेवर दाब आल्याची शंका घ्यायची.

लगेच शस्त्रक्रियाच करतात असं नाही. मूल लहान, गळू छोटं आणि नजर शाबूत असेल, तर दवाखान्यात दाखल करून शिरेतून अँटिबायोटिक देतात आणि एक-दोन दिवस बारीक लक्ष ठेवतात. उतार पडला नाही किंवा नजर मंदावली, तर मात्र थांबायचं नाही.

पूर्वी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळ छेद घेत, व्रण राहत असे. आता बहुतेक वेळा नाकपुडीतून दुर्बीण घालतात, कप्पे उघडतात, त्या पातळ हाडाचा तुकडा काढतात आणि पुवाला नाकात वाट करून देतात. गळू खोबणीच्या वरच्या किंवा बाहेरच्या बाजूला असेल, तर बाहेरून छेद घ्यावाच लागतो. मला या शस्त्रक्रियेतली एक साधी युक्ती फार आवडते. रुग्णाचा डोळा कापडाखाली झाकत नाहीत. सहायक पापणीवर हलकेच बोट दाबतो आणि सर्जन आत पडद्यावर बघतो. काही हललं, तर तिथलं हाड गेलेलं आहे, पुढे जपून!

सायनसमधून डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराची गोष्ट वेगळी. 2021 मध्ये महाराष्ट्राने तो जवळून पाहिला. तिथे नुसता पू काढून भागत नाही. बुरशीने मारलेला भाग, रक्त येणारा जिवंत भाग लागेपर्यंत काढावा लागतो, प्रसंगी डोळाही. जोडीला अँफोटेरिसिन हे बुरशीविरोधी औषध द्यावं लागतं, आणि मधुमेही रुग्णाच्या रक्तातली साखर ताब्यात आली नाही तर एवढं करूनही बुरशी हटत नाही.