तेल सापडले, तेल निघाले काय?



तेल सापडणे आणि तेल निघणे यांतील अंतर ‘टल्लो’ या कंपनीच्या आफ्रिकेतील वाटचालीवरून ध्यानात येते. १९८५ साली आयर्लंडमध्ये स्थापन झालेल्या या छोट्या कंपनीने सेनेगलमधील नैसर्गिक वायूपासून आरंभ केला. २००७ मध्ये टल्लो व अमेरिकेची कॉसमॉस यांना घानाच्या समुद्रात ज्युबिली क्षेत्र गवसले. तरंगत्या जहाजावर तेल साठवून ते थेट टँकरमध्ये भरता येत असल्याने २०१० च्या अखेरीस उत्पादन सुरू झाले. घानाच्या संसदेने २०११ मध्ये कायदा करून या उत्पन्नाचा काही वाटा भावी पिढ्यांसाठी राखून ठेवला, हे विशेष!

युगांडाची कथा निराळी. अल्बर्ट सरोवराकाठी २००६ मध्येच तेल लागले होते. परंतु ते मेणयुक्त, साध्या तापमानाला गोठणारे. शिवाय देशाला समुद्रकिनारा नाही. म्हणून टांझानियातील टांगा बंदरापर्यंत १४४३ किलोमीटर लांबीची, सतत तापती ठेवावी लागणारी वाहिनी आखावी लागली. देशातच तेलशुद्धी व्हावी, हा सरकारचा आग्रह होता. तो अवाजवी कसा म्हणावा? त्यातच करावरून वाद झाला. कर्जाने वाकलेल्या टल्लोने २०२० मध्ये आपला हिस्सा फ्रान्सच्या टोटलला ५७.५ कोटी डॉलरना विकला. गुंतवणुकीचा अंतिम निर्णय टोटल व चीनच्या सरकारी कंपनीने २०२२ मध्ये जाहीर केला, तेव्हा शोधाला सोळा वर्षे उलटली होती.