झुंजार, काळापहाड आणि मागचा बाक



‘शाळेने मला काय दिले’ यावर बोला, असे मला संयोजकांनी सांगितले आहे. मी बोलणार आहे बाबूराव अर्णाळकरांवर. हसू नका, तुमच्यापैकी निम्म्यांनी भूगोलाच्या नकाशावहीत लपवून तेच वाचले आहेत!

अर्णाळकरांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, हे मला फार उशिरा कळले. म्हणजे लेखक स्वतःच दुसऱ्या नावाने वावरणारा! हजाराहून अधिक रहस्यकथा या एका माणसाने लिहिल्या. धनंजय-छोटूची जोडी मला आवडायची, पण जीव अडकला होता तो काळापहाडात. चारचौघांत सभ्य गृहस्थ आणि आतून कोणी वेगळाच. भाषा साधी, प्रकरण संपताना दारावर थाप हमखास. आमच्या वाचनाला वेग आला तो त्यामुळे, क्रमिक पुस्तकाने नव्हे. मराठीचे सर रागावणार नाहीत अशी आशा आहे.

आता खरी गोष्ट. दहावीत, भूगोलाच्या तासाला, वाचनालयातून पाच पैसे रोजाने आणलेले पुस्तक पकडले गेले. ते बाकावर दोघांच्या मधे होते. “कोणाचं?” असे विचारल्यावर मी खाली पाहिले. माझा सोबती उठला आणि “माझं” म्हणाला.

छड्या दोनच बसल्या. पण त्याची नादारी होती आणि अर्जावर वर्तणुकीचा शेरा लागत असे. तो त्या सहामाहीला चांगला मिळाला नाही. फी भरायला त्याच्या आईने हातातल्या पाटल्या गहाण ठेवल्या, हे मला त्याच्या धाकट्या बहिणीकडून कळले. मी वर्गाचा मॉनिटर, वडील पोस्टात, नादारीची गरज नाही. माझे फार तर मॉनिटरपद गेले असते. तरी मी बोललो नाही. त्या वर्षी वर्गात वेषांतर करून कोण बसले होते, हे सांगायला धनंजय नको.

त्यानेही पुढे कधी विषय काढला नाही. फक्त एकदा, मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशी, “शेवटी खुनी कोण निघाला रे?” एवढे विचारले. मला सांगता आले नाही, कारण जप्त झालेले पुस्तक परत मिळालेच नाही. वाचनालयाचा दंड मात्र मी भरला होता. तेवढे एक केले.

मागच्या महिन्यात गिरगावात रद्दीवाल्याकडे तेच पुस्तक सापडले. मुखपृष्ठ फाटके, पण शेवटची पाने शाबूत आहेत. मी ती मुद्दाम वाचलेली नाहीत.

माझा सोबती आज इथे तिसऱ्या रांगेत बसला आहे. पाटल्या सोडवल्या की नाही, हे मी अजून त्याला विचारलेले नाही. मित्रा, जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारी बस. पुस्तक पिशवीत आहे. आधी ते विचारतो, मग शेवटचे प्रकरण तू मोठ्याने वाच. माझा चष्मा घरी राहिला आहे.