पोट फुगले असता : एरंडेल की एक्स-रे?



पोट फुगले, उलट्या सुरू झाल्या, शौचास होत नाही, वायूही सरत नाही, की आपल्या अनेक घरांतून आजही प्रथम एरंडेलाची बाटली निघते. आतड्याचा मार्ग खरोखरच बंद झाला असेल, तर हा उपचार नव्हे, अपकार होय. अशा रुग्णास तोंडाने काहीही न देता थेट रुग्णालयात न्यावे.

तेथे बहुधा प्रथम एक्स-रे काढतात. रुग्ण उभा असता अडलेल्या आतड्यात वर वायू व खाली द्रव साचून पायऱ्यांसारख्या आडव्या रेषा उमटतात. लहान आतडे ३ सेंटिमीटरहून अधिक रुंद दिसले, तर ते फुगले असे मानतात. परंतु साधा एक्स-रे निर्दोष दिसला म्हणजे अडथळा नाहीच, असे नव्हे.

खरा उलगडा सीटी स्कॅन करतो. १९७१ साली इंग्लंडमध्ये प्रथम रुग्णावर वापरलेल्या या यंत्रामुळे अडथळा कोठे आहे व कशाने आहे, हे बहुधा कळते. जुन्या शस्त्रक्रियेनंतर आतडी एकमेकांस चिकटली, हर्नियात अडकली, त्यांना पीळ पडला, गाठ वाढली, की आपल्या देशात आजही आढळणारा आतड्याचा क्षय आहे? त्याहून मोलाचे म्हणजे आतड्याचा रक्तपुरवठा तुटत चालल्याच्या खुणा त्यात दिसू शकतात. तशा दिसल्या, तर शस्त्रक्रियेस विलंब परवडत नाही.

मात्र प्रत्येक अडथळा म्हणजे शस्त्रक्रिया, हाही गैरसमजच. आतडी केवळ चिकटलेली असून रक्तपुरवठा शाबूत असेल, तर नाकातून नळी घालून जठर रिकामे करतात, शिरेतून सलाईन देतात व त्या नळीवाटे पाण्यात विरघळणारे, एक्स-रेत दिसणारे औषध सोडतात. ते २४ तासांत मोठ्या आतड्यात पोहोचलेले एक्स-रेत दिसले, तर बहुतेकांची शस्त्रक्रिया टळते. म्हणून डॉक्टर ‘उद्या पुन्हा एक्स-रे काढू’ म्हणाले, तर तो वेळकाढूपणा समजू नये आणि खर्चाचाही संशय घेऊ नये.

तान्ह्या बाळाचे आतडे आतड्यात शिरले, तर सोनोग्राफीत ते वर्तुळात वर्तुळ असे दिसते. पुष्कळदा गुदमार्गाने हवा किंवा द्रव दाबाने सोडून, पडद्यावर पाहत पाहत, ते शस्त्रक्रियेविना पूर्ववत करता येते.

रुग्णालयात जाताना जुन्या शस्त्रक्रियांचे कागद सोबत घ्यावेत. मूत्रपिंडाचा विकार, औषधाची ॲलर्जी अथवा गर्भारपण असल्यास ते स्कॅनपूर्वीच सांगावे.